खाजकुइली अथवा आत्मगुप्ता

वनस्पतींचा विषय निघाला असतां आपल्या मनांत प्रथम उभे राहतात ते आंबा, फणस, नारळ यांसारखे उपकारी वृक्ष. ज्यांच्यापासून त्रास होतो त्या झाडांची ओळख करून घेण्याची इच्छा सहसा कोणास होत नाहीं. त्यांस टाळावें, तोडावें किंवा जाळावें, एवढाच आपला त्यांच्याशीं संबंध. परंतु ज्यास आपण केवळ उपद्रवी म्हणून नांवें ठेवतों, त्याच्याच पोटीं कधीं कधीं मोठा गुण लपलेला असतो. आणि तो गुण रीत न जाणतां वापरूं गेल्यास पुन्हां अपायच पदरीं येतो. खाजकुइली हा या गोष्टीचा उत्तम दाखला होय. कोंकणांतील व सह्याद्रीच्या पायथ्याच्या गांवांतील मुलांस हिची निराळी ओळख करून देण्याचें कारण नाहीं. एकदां जी ओळख होते ती जन्मभर पुरते! तथापि तिच्या शेंगेच्या आंत काय आहे, हें त्यांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. यास्तव तिची हकीकत येथें थोड्या विस्तारानें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

खाजकुइली ही वाल, पावटा, घेवडा यांच्याच कुळांतील रानवेल आहे. उष्ण व दमट हवा, भरपूर पाऊस आणि अंगावर चढावयास एखादें झाड किंवा झुडूप, एवढें मिळालें कीं ती सुखानें वाढते. दाट अरण्याच्या आंतील काळोख तिला मानवत नाहीं. रानाचा कांठ, कुंपणें, ओढ्याकाठचीं झुडुपें, पडीक जमीन, अशीं ऊन लागणारीं ठिकाणें ती पसंत करते. मृगाचा पाऊस पडला कीं जमिनींत पडलेलें बीं रुजतें, आणि पावसाळा संपतो न संपतो तोंच तिनें शेजारचें झुडूप पार झांकून टाकलेलें असतें. भारताच्या बहुतेक सर्व उष्ण प्रदेशांत, तसेंच आफ्रिका खंडांत व अमेरिकेच्या उष्ण भागांतही हा वेल आढळतो.

तिचें पान घेवड्याप्रमाणें तीन दळांचें असतें. मधलें दळ समतोल, आणि बाजूचीं दोन एका अंगास फुगीर. पावसाळ्याच्या अखेरीस गर्द जांभळ्या रंगाच्या फुलांचे घोस वेलीवर लोंबूं लागतात. तीं फुलें पाहून कोणासही मोह व्हावा, इतकीं तीं सुरेख दिसतात. पुढें त्यांच्या जागीं दोन-तीन इंच लांबीच्या, इंग्रजी एस अक्षराप्रमाणें वांकलेल्या शेंगा धरतात. शेंगेंत चार ते सहा तुळतुळीत बिया असतात. कांहीं काळ्या, कांहीं तपकिरी, तर कांहीं कबऱ्या. परंतु या बियांपर्यंत पोंचणें सोपें नव्हे. कारण शेंगेच्या सर्वांगावर पिंगट रंगाच्या बारीक कुसळांचें दाट आवरण असतें. हिंवाळ्यांत शेंगा वाळल्या कीं हीं कुसळें नुसत्या वाऱ्यानेंही सुटून उडतात. गवत कापणारे, मोळी आणणारे आणि गुरें राखणारे यांस त्या दिवसांत फार जपून वागावें लागतें.

हीं कुसळें अंगास लागलीं म्हणजे काय होतें, तें वर्णन करण्यापेक्षां तें कां होतें हें सांगणें अधिक उपयोगाचें होईल. प्रत्येक कुसळ म्हणजे एक सूक्ष्म, पोकळ व टोंकदार सुई आहे. ती कातडीच्या वरच्या थरांत रुतते आणि तिच्यांतील द्रव्य तेथें उतरतें. १९५५ सालीं अमेरिकेंतील शेली व आर्थर या संशोधकांनीं असें दाखविलें कीं, ही खाज केवळ टोंचण्यामुळें होत नसून कुसळांत असलेल्या एका पाचक जातीच्या द्रव्यामुळें होते. त्यास म्युक्युनेन असें नांव मिळालें. हें द्रव्य कातडीखालील ज्ञानतंतूंच्या टोंकांस चाळवितें, असें २००८ सालच्या संशोधनानें आणखी स्पष्ट झालें. कुसळें खूप तापविलीं तर त्यांतील हें द्रव्य बिघडतें, आणि मग तींच कुसळें टोंचूनही खाज उठत नाहीं. गांधील चावल्यावर किंवा पित्त उठल्यावर जीं औषधें देतात त्यांनीं खाजकुइलीची खाज शमत नाहीं, याचेंही कारण हेंच. त्या औषधांचा मारा निराळ्या द्रव्यावर असतो.

यावरून उपाय कोणता करावा तेंही ध्यानांत येईल. पहिली गोष्ट म्हणजे खाजवूं नये. खाजविल्यानें रुतलेलीं कुसळें अधिक खोल जातात, आणि हाताच्या बोटांनीं तीं अंगभर पसरतात. खेडेगांवांतील लोक अंगास ओलें शेण थापतात व वाळल्यावर काढून टाकतात. त्यांतील मर्म शेणांत नसून चिकटपणांत आहे. शेणाबरोबर कुसळें उपटून येतात. परंतु ओरखडलेल्या कातडीस शेण लावणें धोक्याचें आहे, कारण त्यांतून धनुर्वाताचे जंतु शरीरांत शिरूं शकतात. तेंच काम साध्या चिकटपट्टीनें अधिक चांगलें होतें. चिकटपट्टी लावून हलकेच उपटावी, मग भरपूर पाण्यानें अंग धुवावें, आणि अंगावरचे कपडे निराळे ठेवून धुवावेत. डोळ्यांत कुसळ गेल्यास मात्र डोळा मुळींच न चोळतां स्वच्छ पाण्यानें धुवावा व तत्काळ डॉक्टरांकडे जावें.

येथें आमच्या विद्यार्थीवाचकांस एक गोष्ट मुद्दाम सांगावयाची आहे. कोणाच्या बांकावर अथवा सदऱ्यांत खाजकुइली टाकून गंमत पाहण्याची खोड कित्येक शाळांत आढळते. ज्यास ही थट्टा वाटते त्यानें एवढेंच लक्षांत घ्यावें कीं, उडालेलीं कुसळें कोणाच्या डोळ्यांत किंवा श्वासांत जातील हें टाकणाऱ्याच्या हातीं नसतें. अंगाची खाज कांहीं वेळानें जाते. डोळ्याची इजा तितक्या सहज जाईल असें नाहीं.

आपल्या पूर्वजांनीं या वेलीस दिलेलीं नांवें मोठीं मार्मिक आहेत. संस्कृतांत तिला कपिकच्छू म्हणतात. कपि म्हणजे वानर व कच्छू म्हणजे खाज. मर्कटी हें नांवही त्याच कल्पनेंतून आलें. कंडुरा म्हणजे खाज आणणारी. परंतु या सर्वांहून सुंदर नांव आत्मगुप्ता हें होय. आत्मगुप्ता म्हणजे जी स्वतःचें रक्षण स्वतःच करते ती. ज्यानें हें नांव ठेविलें त्यानें तिच्या खाजेकडे केवळ दुष्टपणा म्हणून पाहिलें नाहीं. कोंवळ्या बियांचें रक्षण करणारी ही तटबंदी आहे, हें त्यानें ओळखिलें होतें. हिंदींत तिला केवाच किंवा कौंच म्हणतात, आणि इंग्रजींतील काउहेज हें तिचें नांव या हिंदी शब्दावरूनच तयार झालें. मलबारच्या वनस्पतींवर डच अंमलदार व्हान रीड यांनीं १६७८ ते १६९३ या काळांत ॲम्स्टरडॅम येथें छापविलेल्या 'होर्टुस मलाबारिकुस' या बारा खंडांच्या ग्रंथांत नायकुरणा या मल्याळी नांवानें तिचें चित्र आलें आहे.

आतां या कुळांतील दुसऱ्या, सौम्य बहिणीकडे वळूं. खाजकुइलीचा एक लागवडीचा प्रकार आहे. त्याच्या शेंगेवरील लव आंखूड, मऊ व निरुपद्रवी असते. तिला हात लावला असतां मखमलीचा भास होतो, म्हणून इंग्रज लोक तिला मखमली शेंग अशा अर्थाच्या नांवानें ओळखतात. शास्त्रज्ञ या दोहोंस एकाच जातीचे दोन प्रकार मानतात. ज्या शेंगा हातास सुखकर त्यांचेंच बीं मनुष्यानें पिढ्यानपिढ्या निवडून पेरावें, आणि होतां होतां खाज नाहींशी व्हावी, असा हा क्रम आहे. राखणास मनुष्य मिळाल्यावर वेलीस स्वतःच्या तटबंदीची गरज उरली नाहीं, असेंच म्हणावयाचें!

शेतकरी हिची लागवड करतात ती मुख्यतः जमिनीच्या हितासाठीं. शेंगेच्या कुळांतील बहुतेक झाडांच्या मुळांवर बारीक गांठी असतात. त्या गांठींत राहणारे सूक्ष्म जंतु हवेंतील नायट्रोजन वायु पकडून झाडास अन्नरूपानें देतात, हें १८८६ सालीं हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञानें दाखवून दिलें. त्यामुळें असें पीक जमिनींत गाडलें असतां तें उत्तम हिरवळीचें खत होतें. मखमली शेंगेच्या वेलाचा पाला अतिशय दाट असल्यानें त्याच्या सावलींत तण वाढूं शकत नाहीं, आणि पावसाच्या माऱ्यानें मातीही वाहून जात नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतील फ्लॉरिडा प्रांतांत हा वेल प्रथम शोभेसाठीं घरांच्या ओसरीवर चढवीत; पुढें त्याचे गुण कळल्यावर तो गुरांच्या चाऱ्यासाठीं व फळबागांतील जमिनीसाठीं मोठ्या प्रमाणावर लावूं लागले. रासायनिक खतें व सोयाबीन यांच्या प्रसारानंतर तेथें त्याचें महत्त्व कमी झालें. परंतु मध्य अमेरिकेंतील होंडुरास देशाच्या उत्तर किनाऱ्यावरील लहान शेतकऱ्यांनीं त्यास खताची शेंग असें नांव देऊन आपलेंसें केलें. ते वेल कापून जमिनीवरच पसरतात आणि त्या आच्छादनांत काठीनें भोंक पाडून मका टोकतात. पश्चिम आफ्रिकेंतील बेनिन देशांत दर्भासारख्या चिवट तणानें व्यापलेल्या जमिनी पुन्हां लागवडीस आणण्याकरितां १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून याच वेलाचा उपयोग झाला. ज्यास खत विकत घेण्याची ऐपत नाहीं, त्याच्या शेतांत हा वेल खताचें व खुरपणीचें अशीं दोन्ही कामें करतो.

लागवडीची रीत अवघड नाहीं. पाण्याचा निचरा होणारी कोणतीही जमीन चालते; पाणी सांचून राहणें मात्र तिला सोसत नाहीं. बियांचें कवच कठीण असल्यामुळें त्या रात्रभर पाण्यांत भिजत घालून पावसाळ्याच्या आरंभीं इंच-दीड इंच खोल टोकाव्यात. बियांकरितां पीक घ्यावयाचें असेल तर वेलास काठ्यांचा किंवा कुंपणाचा आधार द्यावा; त्यायोगें हवा खेळती राहते व शेंगा कुजत नाहींत. सुमारें पांच-सहा महिन्यांत शेंगा वाळतात. त्या तडकण्यापूर्वीं तोडाव्यात. हिरवळीच्या खतासाठीं मात्र वेल फुलावर येतांच जमिनींत गाडावा. मक्यासारख्या पिकांत पेरावयाचा असल्यास पीक चांगलें वर आल्यावर, दीड-दोन महिन्यांनीं पेरावा. नाहींतर हा पाहुणा यजमानाच्याच खांद्यावर बसून त्यास खालीं ओढतो.

आतां बियांच्या आंत काय आहे तें पाहूं. प्रथमदर्शनीं हें बीं म्हणजे उत्तम अन्न होय; त्यांत पौष्टिक प्रथिनांचा भाग जवळजवळ चतुर्थांश असतो. परंतु त्याबरोबरच लेव्होडोपा नांवाचें एक द्रव्यही असतें, आणि तें शेंकडा चार ते सहा इतकें, कित्येक वेळां त्याहूनही अधिक भरतें. हें द्रव्य फार झालें तर ओकाऱ्या होतात, आणि बुद्धीस भ्रमही पडतो. म्हणून ज्या ज्या लोकांनीं हें बीं खाल्लें त्यांनीं तें निर्विष करण्याची कांहींतरी रीत शोधून काढिली. दक्षिणेंतील काणिक्कार या डोंगरांतील आदिवासी लोकांत बिया पुनः पुनः उकडून दर खेपेस पाणी ओतून देण्याचा प्रघात आहे. जावा बेटांत बिया भिजवून, उकडून व नंतर आंबवून त्यांचें तेंपे बेंगुक नांवाचें खाद्य करतात. लेव्होडोपा पाण्यांत उतरतें, म्हणून तें पाणी फेंकून देणें हाच त्या सर्व खटाटोपाचा गाभा आहे. रसायनशास्त्राचें पुस्तक न वाचलेल्या माणसांनीं केवळ अनुभवानें हें जाणलें, ही लहान गोष्ट नव्हे.

ही रीत सोडल्यास काय होतें, याचें दुःखद उदाहरण १९८९ सालीं पूर्व आफ्रिकेंतील मोझांबिक देशांत घडलें. तेथें या बियांस वानराची शेंग अशा अर्थाचें नांव आहे. आपल्या कपिकच्छूशीं त्याचें असलेलें साम्य पाहून नवल वाटतें. युद्ध व टंचाई यांनीं गांजलेल्या नांपुला प्रांतांतील लोकांवर या बियांवर गुजराण करण्याची पाळी आली, आणि उकडलेलें पाणी टाकून देण्याची नेहमींची रीत पाळली गेली नाहीं. परिणामीं सुमारें दोनशें माणसें एकाएकीं वेड्यासारखें वागूं लागलीं. अन्न तेंच, माणसेंही तींच. फरक पडला तो रीतीचा.

आणि तरीही हेंच द्रव्य आज जगभर असंख्य रोग्यांचा आधार झालें आहे. आयुर्वेदांत कपिकच्छूचें बीं बलवर्धक मानलें असून तें गाईच्या दुधांत शिजवून, साल काढून, वाळवून मगच वापरावें असा दंडक आहे. कंपवातावर, म्हणजे हातपाय थरथरण्याच्या विकारावर, वैद्य तें योजीत आले आहेत. पाश्चात्य देशांत मात्र अठराव्या शतकांत बियांपेक्षां कुसळांचाच उपयोग होई. वेस्ट इंडीज बेटांत तीं काकवींत कालवून पोटांतील जंतांवर देत. तो उपचार आतां मागें पडला आहे. १८१७ सालीं लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरानें कंपवाताचें शास्त्रीय वर्णन केलें, पण पुढें जवळजवळ दीडशें वर्षें त्यावर खरें औषध सांपडलें नाहीं.

लेव्होडोपा हें द्रव्य १९१३ सालीं युरोपांत दुसऱ्या एका शेंगेंतून मिळालें होतें. १९३७ सालीं मद्रास येथील एम. दामोदरन व आर. रामस्वामी या शास्त्रज्ञांनीं तें आपल्या खाजकुइलीच्या बियांतून शुद्ध स्वरूपांत वेगळें काढिलें. त्या वेळीं त्याचा रोग्यांस काय उपयोग होईल हें जगांत कोणासच ठाऊक नव्हतें. १९५७ सालीं स्वीडनमधील आर्विद कार्लसन यांनीं सशांवर एक प्रयोग केला. सर्पगंधेपासून निघणाऱ्या औषधानें निश्चल पडलेल्या सशांस त्यांनीं डोपा टोंचलें, आणि ते पुन्हां हालचाल करूं लागले. १९६० सालीं व्हिएन्ना येथें एरिंगर व हॉर्निकिएविच यांनीं कंपवातानें मृत्यु पावलेल्या रोग्यांच्या मेंदूंत डोपामीन हें द्रव्य फार कमी असतें असें दाखविलें. डोपामीन रक्तांतून मेंदूंत शिरूं शकत नाहीं. लेव्होडोपा मात्र शिरतें आणि आंत गेल्यावर त्याचें डोपामीन होतें. १९६७ सालीं अमेरिकेंत जॉर्ज कोट्झियस यांनीं तें तोंडावाटें, हळूहळू मात्रा वाढवीत दिलें, आणि जे रोगी खुर्चीस खिळले होते ते चालूं लागले. कार्लसन यांस २००० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

आज हें औषध कारखान्यांत तयार होतें, आणि त्याचा अपाय कमी व्हावा म्हणून त्याजबरोबर दुसरें एक औषध मिसळून देतात. तथापि गरीब देशांतील पुष्कळ रोग्यांस गोळ्यांचा नित्याचा खर्च झेपत नाहीं. म्हणून खुद्द बियांच्या पुडीनें काम भागेल काय, याचा शोध चालू आहे. २००४ सालीं लंडन येथें आठ रोग्यांवर आणि २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत बोलिव्हियांतील अठरा रोग्यांवर तिची परीक्षा झाली, व दोन्ही वेळां परिणाम आशादायक आढळला. परंतु एवढ्या थोड्या रोग्यांवरून, आणि तेंही अल्पकाळाच्या अनुभवावरून, कायमचा निर्णय देतां येत नाहीं, हेंही तितकेंच खरें.

पालकवर्गास आमची एक विनंति आहे. शक्तिवर्धक म्हणून कौंचबियांचें चूर्ण बाजारांत सर्रास विकलें जातें. रानांतलें आहे म्हणजे निरुपद्रवी आहे, अशी समजूत करून घेऊन तें मुलांस किंवा वृद्धांस देऊं नये. कोणत्या चुर्णांत लेव्होडोपा किती आहे हें डोळ्यांस दिसत नाहीं. आणि ज्याचें कंपवाताचें औषध अगोदरच चालू आहे त्यास तर दुप्पट मात्रा होण्याचें भय आहे. डॉक्टरांस अथवा जाणत्या वैद्यास विचारल्यावांचून तें घेऊं नये.

एकाच शेंगेंत पीडा आहे, अन्न आहे, विष आहे आणि औषधही आहे. यांपैकीं आपल्या वाट्यास काय येईल, तें शेंगेवर जितकें अवलंबून आहे त्याहून अधिक आपल्या ज्ञानावर अवलंबून आहे. पाणी फेंकून देणारी आदिवासी गृहिणी, दुधांत बीं शिजविणारा वैद्य, मद्रासच्या प्रयोगशाळेंत तें द्रव्य वेगळें काढणारे शास्त्रज्ञ, या सर्वांनीं एकच गोष्ट केली: त्यांनीं ही वेल नीट पाहिली. पुढच्या हिंवाळ्यांत रानांतून जातांना कुंपणावर पिंगट शेंगांचे घोस दिसले, तर मुलांनो, हात मागें घ्या. पण डोळे मागें घेऊं नका.